कंसातले चाळीस सेकंद

संसदेच्या जुन्या गोल इमारतीत जे जे बोललं गेलं ते सगळं लिहून ठेवलेलं आहे, असा लोकांचा समज आहे. तो बरोबर नाही. जे लिहिता आलं नाही तिथे कंस आहे, आणि कंसात एकच शब्द: व्यवधान. म्हणजे गोंधळ. उत्तम बेडसे यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द किती वेळा लिहिला ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. २०३९च्या फेब्रुवारीत एका यंत्राने ते मोजलं.

"सहा हजार चारशे बारा," डॉ. सायली ओक म्हणाली. "सर, तुमचा विक्रम आहे. तुमच्या पाळीतच सगळे भांडायचे की काय?"

"जेवणाआधीची पाळी असायची. पोट रिकामं असलं की लोकशाहीला जोर चढतो," बेडसे म्हणाले.

सायली हसली. ती ठाण्याची, चौतिशीतली, ध्वनिशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आलेली. जुन्या इमारतीचं संग्रहालय होत होतं. कंसात अडकलेलं बोलणं सोडवून ते पाहुण्यांना ऐकवायचा 'पुनःश्रुती' नावाचा प्रकल्प तिच्या ताब्यात होता. बेडसे त्र्याहत्तर वर्षांचे. निवृत्त प्रतिवेदक. प्रतिवेदक म्हणजे सभागृहाच्या मध्यभागी टेबलाशी काळ्या कोटात बसून, लघुलिपीत, कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरवून घेणारा माणूस. एकाची पाळी पाच मिनिटांची. पाच मिनिटं लिहायचं, दुसरा येऊन शेजारी बसला की उठायचं, बाहेर जाऊन टंकायचं, परत यायचं. त्यांच्या पिढीतले आता चौघेच उरले होते. त्यातल्या दोघांना ऐकू येत नव्हतं.

यंत्राची करामत सायलीने त्यांना पहिल्याच दिवशी समजावली होती. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर ज्या वस्तूवर आदळते ती वस्तूही थरथरते. ग्लासातलं पाणी, वाळलेलं पान, टेबलावर उभा केलेला कागद. हे हलणं केसाच्या जाडीहून कितीतरी कमी, डोळ्याला न दिसणारं. पण त्या काळात सभागृहात काचेच्या नळीचे जुने कॅमेरे होते. ते चित्र एका दमात घेत नसत. वरून खाली एकेक ओळ वाचत जात, सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस ओळी. म्हणजे एका चित्रातली पहिली ओळ आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या क्षणांची. गडद लाकडावर पांढऱ्या कागदाची कड असेल, तर ती कड ओळीगणिक किती सरकली हे मोजता येतं. आणि तो सरकण्याचा आलेख हाच आवाज. ध्वनिक्षेपक बंद असला तरी.

"पण मर्यादा आहे," ती म्हणाली होती. "स्वर मिळतात, लय मिळते, ठेका मिळतो. व्यंजनं बरीचशी हरवतात. मांस गेलं, सांगाडा राहिला, असं समजा. मग यंत्र भाषेच्या ज्ञानावरून अंदाज बांधतं. बावीस भाषा शिकवल्यात त्याला. तरीही नुसत्या अंदाजावर प्रकल्पाची समिती काही मान्य करत नाही. आवाज हवा, आणि त्या वेळी तिथे हजर असलेल्या माणसाची साक्ष हवी."

"सदस्याची स्वतःची?"

"चालत नाही. चाळीस वर्षांत प्रत्येक माजी सदस्याचं भाषण इतकं सुधारतं की विचारू नका."

तीन महिन्यांत बेडसे यांनी दोनशे अकरा कंस उघडून दिले. स्मरणशक्ती तल्लख, स्वभाव काटेकोर. समितीच्या अध्यक्षांनी त्यांना 'सदनाचा कान' म्हटलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी त्यांचा सत्कार ठरला होता.

त्या सोमवारी सायलीने दोनशे बारावा कंस समोर ठेवला.

"हा जरा वेगळा आहे. या बाईंनी स्वतः पत्र लिहिलंय. म्हणजे नातीकडून लिहवून घेतलंय." तिने वाचून दाखवलं. "'मी केसरबाई मालचे, वय ब्याऐंशी. एकदाच निवडून आले होते. पाच वर्षांत मी एक शब्द बोलले नाही असं तुमच्या दप्तरात आहे. गावात मला मुकी खासदार म्हणतात. पोरं चिडवतात, आता त्या पोरांची पोरं चिडवतात. पण मी एकदा बोलले होते.' पुढे तारीख दिलीय. आपल्या दालनात प्रत्येक सदस्याच्या फोटोखाली निवेदनांचा आकडा येणार. त्यांच्याखाली शून्य येतोय. फोटो येत्या शुक्रवारी छापायला जातील."

बेडसे यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"शून्य प्रहर. अध्यक्ष 'हाँ, बोलिए' म्हणाले ते नोंदीत आहे. पुढे कंस," सायली सांगत होती. "बाई मागच्या बाकावरून उठून पुढच्या रिकाम्या जागेवर येऊन बसल्या होत्या, नीट ऐकू जावं म्हणून. ध्वनिक्षेपक लावणारा जागेचा क्रमांक बघून बटण दाबतो. त्याने मागचं दाबलं. हिंदी-इंग्रजी सोडून बोलायचं तर आधी कळवावं लागायचं, म्हणजे दुभाषी बसतो. त्यांनी कळवलं नव्हतं. पण त्यांच्यासमोर कार्यसूचीचा कागद उभा होता. चाळीस सेकंद मिळालेत. ऐका."

तिने कळ दाबली. खोल विहिरीतून यावा तसा एक आवाज आला. बाईचा. शब्द नव्हते, नुसते चढउतार, एका ठेक्यातली लांब ओढ, आणि वाक्याच्या शेवटी दर वेळी तोच हलका झोका.

बेडसे यांना पहिल्या दोन सेकंदांतच कळलं. खरं तर कळण्यासारखं काही नव्हतंच. त्या चाळीस सेकंदांतला शब्द न् शब्द त्यांना शेहेचाळीस वर्षं पाठ होता.

"यंत्र म्हणतं गुजराती, एकसष्ट टक्के. मग म्हणतं मराठी, मग म्हणतं माहीत नाही. खानदेशातल्या तिघांना ऐकवलं, तिघांनी तीन अर्थ लावले," सायली म्हणाली. "आणि ती पाळी तुमची होती. तुम्हीही तिकडचेच ना सर, धुळ्याचे?"

"धुळे शहर," बेडसे म्हणाले. "आमच्या घरी शुद्ध मराठी. ही काहीतरी खेड्यातली बोली दिसते. मला नाही उमगत."

त्यांचा आवाज अगदी सहज होता. त्या सहजपणाचाच त्यांना धक्का बसला.

*

ते धुळे शहरातले नव्हते. साक्रीच्या पलीकडच्या एका गावातले. घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, शाळेत मास्तर नसतील तेव्हाही अहिराणीच. आधीची दोन मुलं दगावली म्हणून आईने हे तिसरं उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उखर्डू. मॅट्रिकच्या फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तम लिहिलं. पुढे लघुलिपीत राज्यात दुसरा नंबर, दिल्लीची परीक्षा, संसदेची नोकरी. दिल्लीतली मराठी मंडळी भली होती, पण खानदेशी बोलीची नक्कल हा त्यांच्या सहलीतला हुकमी कार्यक्रम असे. "काय शे भाऊ, कसं शे भाऊ" म्हणत एक जोशी उड्या मारायचे. सगळे लोटपोट. बेडसे सगळ्यांत मोठ्याने हसत.

आई एकदाच दिल्लीला आली, डोळ्याच्या ऑपरेशनला. मंडळाच्या गणपतीला तिला न्यावंच लागलं. दारातच त्यांनी ओळख करून दिली, "आई. हिला ऐकू येत नाही." आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तीन तास ती बहिरी होऊन बसली. कुणी काही विचारलं की नुसती हसायची. परत येताना रिक्षात म्हणाली, "दमनू रे बापा. बहिरं व्हनं काय सोपं काम शे?" आणि स्वतःच्या विनोदावर हसली. ते हसले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी केसरबाई उभ्या राहिल्या. पुढच्या बाकावर, टेबलापासून दहा-बारा फुटांवर. सभागृह त्या क्षणी नेमकं शांत होतं. बाईंनी अहिराणीत सुरुवात केली आणि मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. बेडसे यांची पेन्सिल दोन खुणा पुढे गेली. लघुलिपी उच्चार लिहिते. कुठलीही भाषा उतरवता येते. तेवढ्यात त्यांची पाळी घ्यायला आलेले वरिष्ठ, चोपडासाहेब, शेजारी बसले आणि कानाशी कुजबुजले, "बेडसे, ये तुम्हारी वाली है ना?"

"नहीं सर. पता नहीं कौन सी है."

"तो छोड़ो. व्यवधान लिख दो."

त्यांनी दोन खुणा खोडल्या, कंस काढला आणि लिहिलं. त्या एकाच दिवशी सभागृहात गोंधळ नव्हता.

*

बुधवारी सकाळी, तो शून्य छापायला जायच्या दोन दिवस आधी, त्यांनी सायलीला फोन केला. "मी ती फीत घरी पुन्हा पुन्हा ऐकली. काहीतरी आठवतंय. लिहून घे."

ते सांगत गेले, सायली टंकत गेली. यंत्राने ती वाक्यं आवाजाच्या सांगाड्यावर चढवून पाहिली. स्वर, लांबी, ठेका. सत्त्याण्णव टक्के जुळलं.

"सर!" सायली जवळजवळ ओरडली. "हे कसं जमलं तुम्हाला?"

"कान आहेत अजून."

"साक्षीच्या फॉर्मवर सही लागेल. मूळ नोंद का चुकली, त्याचे पर्याय आहेत. 'गोंधळामुळे ऐकू आले नाही' यावर खूण करू ना? नेहमीसारखी?"

"कर."

"हो, कारण तो दुसरा पर्याय, 'जाणूनबुजून बदलली', भलताच महागात पडतो. गेल्या महिन्यात त्या वरच्या सभागृहाच्या एका प्रतिवेदकांनी भावनेच्या भरात सांगून टाकलं की एका मंत्र्याचं वाक्य त्यांनी मुद्दाम सौम्य केलं होतं. झालं! ज्याने जाणूनबुजून नोंद बदलली त्याची साक्ष बाद. एक नाही, सगळ्या. चाळीस कंस पुन्हा बंद झाले."

हिशेब सरळ होता. खोटं बोललं तर केसरबाईंचं भाषण दालनात लागेल. खरं बोललं तर शून्य तसंच राहील. म्हणजे या वेळी खोटं बोलणं हाच परोपकार होता. त्यांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच लाज वाटली.

*

नियमाप्रमाणे सदस्याची संमती लागे. गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या मोठ्या पडद्यावर केसरबाई आल्या. संमतीची बैठक ध्वनिमुद्रित होते, हे सायलीने आधीच सांगून टाकलं. बाई ओट्यावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, गळ्यात काळी पोत. मागे कोंबड्या फिरत होत्या. नातीने फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि ती आत गेली होती.

"दिसतंय का आजी?" सायलीने विचारलं.

"दिसस. तू फार बारीक शे वं माय. जेवत नई का?"

सायलीला निम्मं कळलं, पण ती हसली. मग तिने भाषण ऐकवलं. यंत्राने हरवलेली व्यंजनं आता जागच्या जागी बसवली होती. छत्तीस वर्षांच्या केसरबाई बोलू लागल्या:

"अध्यक्ष महाराज, आमन्या बाया मिरचीना देठ खुडतस. दिवसभर. हातनी आग व्हस. रातले पोर रडस, तं माय त्याले हात लावत नई. त्याले आग लागी म्हनीसन. हाई आग कोन्ता कायदामा शे, तेवढं माले सांगा."

नंदुरबारकडे मोकळ्या रानात मिरची वाळत घालतात, त्या पथाऱ्यांवर केसरबाई निवडून येण्याआधी अकरा वर्षं देठ खुडत होत्या. सायलीसाठी बेडसे यांनी प्रमाण मराठीत अर्थ सांगितला. मिरची हाताळून हात इतके भाजतात की रात्री आई रडणाऱ्या मुलालाही जवळ घेऊ शकत नाही.

पडद्यावर केसरबाई पदराने नाक पुसून म्हणाल्या, "आवाज बरा व्हता ना मना?"

"फार छान होता आजी. आता हे सगळ्यांना ऐकू येईल. या सरांमुळे. बेडसे सर. त्या दिवशी टेबलावर हेच लिहीत होते."

केसरबाई पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा पडदाभर झाला.

"तूच का रे तो? काया कोटवाला? वळखू येत नई आते." त्यांचे डोळे चमकले. "बठा लोके हासी ऱ्हायन्थात. तू एकलाच हासना नई. मी बोलनू तवय तुन्ही मान हालनी व्हती. माले वाटनं, आठे एक मानूस शे आपला. म्हनीसन मी शेवटलोंग बोलनू. नई तं बसी जातू."

सायलीने बेडसे यांच्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

सगळे हसत असताना एका माणसाची मान हलली, म्हणून त्या शेवटपर्यंत बोलल्या होत्या; बेडसे यांनी ते सायलीला सांगितलं नाही.

"मी गावमा सांगस बरं," केसरबाई म्हणत होत्या. "एक मानूस समजना व्हता, असं. कोनीच मानत नई. मंग तू सांग भाऊ. तुले समजनं व्हतं, तं तवय काब्र नई लिखं?"

तेव्हा का लिहिलं नाही, याचं फॉर्मवरचं उत्तर तयार होतं. गोंधळामुळे ऐकू आलं नाही. चार शब्द म्हटले की काम संपत होतं. पण त्याचा अर्थ असा होता की बाई ज्या एका माणसाच्या भरवशावर शेहेचाळीस वर्षं जगल्या, तो माणूस नव्हताच. भाषण ठेवायचं तर तो माणूस काढून घ्यायचा.

बेडसे पडद्याकडे बघून बोलले. अहिराणीत. चाळीस वर्षांत ती त्यांच्या तोंडून निघाली नव्हती आणि निघाली ती अडखळत, गंजलेल्या कडीसारखी.

"माय, खरं सांगसू तं तुमनं भाषण जाई. तो शून्य तसाच ऱ्हाई. खोटं सांगसू तं भाषण ऱ्हाई."

सायलीची बोटं टंकफलकावर थांबली. "सर? तुम्हाला बोलताही येते?"

केसरबाई विचारात पडल्या. मागे एक कोंबडी ओट्यावर चढली, ती त्यांनी हाताने हाकलली.

"शून्यनी माले सवय व्हयी गई," त्या म्हणाल्या. "तू सांग."

त्यांनी सांगितलं. चोपडासाहेबांचा प्रश्न, स्वतःचं उत्तर, खोडलेल्या दोन खुणा. सोमवारी सायलीपुढे पुन्हा दिलेला नकारही सांगितला. मग तेच सगळं सायलीसाठी मराठीत सांगितलं, काही न वगळता. तीन मिनिटंही लागली नाहीत.

सायली खुर्चीत मागे रेलली. "सर, हे मुद्रित झालंय. मला ते पुसता येणार नाही. तुमच्या दोनशे अकरा साक्षी..." मग जरा कडवटपणे म्हणाली, "त्या दोनशे अकरा जणांना मी काय सांगू? तुमचं मन हलकं झालं, त्यांचं काय?"

"मन हलकं झालेलं नाही," बेडसे म्हणाले. "तू म्हणतेस ते बरोबर आहे."

सायलीने नवा फॉर्म उघडला. 'साक्ष बाद: कारण' असा रकाना होता. "हा साक्षीदाराने स्वतः भरायचा असतो. तो दप्तरात कायम राहतो. दालनात नाही, पण दप्तरात राहतो."

बेडसे यांनी टंकफलक पुढे ओढला. आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं उतरवलेला माणूस; स्वतःचं एक वाक्य लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

"काय लिखं? वाची दाखाड," पडद्यावरून केसरबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं, प्रत्येक वाक्य त्यांच्यासाठी अहिराणीत करत. "श्रीमती केसरबाई मालचे त्या दिवशी सभागृहात चाळीस सेकंद बोलल्या. गोंधळ नव्हता. त्यांची भाषा ही माझी मातृभाषा आहे. मला प्रत्येक शब्द समजला. मी घाबरलो, म्हणून लिहिलं नाही."

केसरबाईंनी मान हलवली. रागाने नव्हे, हिशेबात चूक दाखवावी तशी.

"घाबरना नई तू," त्या म्हणाल्या. "तुले कोन खाई जातं तठे? लाजना. मनी लाज वाटनी तुले, आपली बोलीनी. ते लिख."

बेडसे यांनी 'घाबरलो' हा शब्द खोडला. त्या जागी 'लाजलो' असं लिहिलं, आणि केसरबाईंना पुन्हा वाचून दाखवलं.